स्क्लेरोडर्मा: कातडी आवळते ते दिसतं, फुप्फुस आवळतं ते दिसत नाही. संशोधन कुठवर आलंय?

पळसवाडी:

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सिस्टिमिक स्क्लेरोसिस आहे. रिपोर्टवर कधी स्क्लेरोडर्मा असंही लिहिलेलं असतं, गावात लोक 'कातडी आवळण्याचा रोग' म्हणतात. वणी-मारेगाव पट्ट्यातलं आमचं गाव, घरी कपाशी आणि तूर. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात रिपोर्ट आला की तो आधी माझ्या हाती येतो. या रोगाबद्दल जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते मराठीत एका जागी कुठं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. या रोगात कातडी दिसते म्हणून सगळे कातडीकडेच बघतात. पण माणूस दगावतो तो बहुतेक वेळा फुप्फुसामुळे. आज हाताशी असलेली औषधं उरलेलं फुप्फुस राखतात, गेलेलं परत आणत नाहीत. तेव्हा फुप्फुसाची तपासणी दम लागायच्या आधी व्हायला हवी.

जाऊबाईंचं सुरू झालं बोटांपासून. गव्हाच्या ओलिताला रात्रीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, असते. डिसेंबरात ओलित करायला गेलं की त्यांची बोटं आधी पांढरीफटक पडायची, मग निळी, आणि चुलीपाशी बसलं की लाल होऊन ठणकायची. याला रेनॉड म्हणतात: थंडीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आवळतात. तरण्या मुलींत नुसतं रेनॉड पुष्कळ आढळतं आणि बहुतेकींना पुढे काही होत नाही. पण तिशी-चाळिशीत ते नव्यानं सुरू झालं, बोटं सुजल्यासारखी जाड झाली, अंगठी निघेना, तर दुर्लक्ष करू नये. पुढे वेचणी आली. वाळलेल्या बोंडाला टोकं असतात, वेचणाऱ्या बाईच्या बोटांना ती रोज टोचतात आणि ते ओरखडे भरूनही येतात. जाऊबाईंच्या बोटांच्या शेंड्यांवरच्या जखमा मात्र महिनोन्‌महिने उघड्या राहिल्या. रक्तच नीट पोचत नव्हतं, तर भरणार कुठून?

आत काय चालतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं संशोधन त्याच्याभोवती फिरतं. सुरुवातीला बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. रोगप्रतिकारशक्ती बिथरते आणि आपल्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. रक्ताच्या तपासणीत अँटी-सेंट्रोमिअर, एससीएल-७० अशी नावं येतात ती हीच. मग पाळी येते फायब्रोब्लास्ट पेशींची. विळा लागला की जखमेत कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, भरणाऱ्या या पेशी सगळ्यांच्याच अंगात असतात. त्यातल्या काही मायोफायब्रोब्लास्ट बनतात, आकुंचन पावून जखमेच्या कडा जवळ ओढतात आणि काम संपलं की मरतात किंवा शांत होतात. स्क्लेरोडर्मात त्या शांतच होत नाहीत. जखम नसलेल्या जागी, कातडीत, फुप्फुसात, अन्ननलिकेत, कधी हृदयातसुद्धा कोलॅजन घालत बसतात.

त्यांना काम करा असा निरोप देणाऱ्या रेणूंत सगळ्यात ताकदीचा टीजीएफ-बीटा. तो पेशींच्या बाहेरच्या जाळ्यात निद्रिस्त अवस्थेत साठवलेला असतो. मायोफायब्रोब्लास्टनं ते जाळं ओढलं की तो मोकळा होतो. जाळं जितकं कडक, तितकी ही ओढ जास्त लागू पडते. शिवाय कडक पृष्ठभागावर बसलेल्या फायब्रोब्लास्टला निव्वळ त्या कडकपणामुळेच कोलॅजन वाढवण्याचा इशारा मिळतो. म्हणजे रोग एकदा एका टप्प्यापलीकडे गेला की मूळ कारण शांत झालं तरी फायब्रोसिस (कोलॅजन साचून अवयव कडक होणं) स्वतःच्या जोरावर चालू राहू शकतो. लवकर निदान व्हावं असं मी म्हणते त्यामागे हे कारण आहे.

आता औषधं. २००६ साली अमेरिकेतल्या स्क्लेरोडर्मा लंग स्टडीत १५८ रुग्णांवर सायक्लोफॉस्फामाइड वर्षभर देऊन पाहिलं. फुप्फुसाची घसरण थोडी थांबली, पण औषध बंद केल्यावर वर्षभरात तो फायदा जवळजवळ विरून गेला. २०१६ साली त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात १४२ रुग्ण होते. त्यात मायकोफेनोलेट दोन वर्षं घेणारे सायक्लोफॉस्फामाइड वर्षभर घेणाऱ्यांइतकेच सुधारले आणि त्यांना त्रास कमी झाला. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी सुरुवात मायकोफेनोलेटनं होते. जाऊबाईही तेच घेतात.

ही दोन्ही औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालतात. थेट फायब्रोसिसवरचं पहिलं मान्य औषध निन्टेडॅनिब. २०१९ च्या चाचणीत ५७६ रुग्ण होते. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांची फुंकण्याची क्षमता वर्षात सरासरी ९३ मिली घटली, निन्टेडॅनिब घेणाऱ्यांची ५२ मिली. कातडीवर काही फरक नाही. टोसिलिझुमॅबचंही असंच झालं: चाचणी कातडीसाठी मांडली होती, तिथे अपेक्षित यश आलं नाही, पण फुप्फुस टिकलं, आणि २०२१ साली अमेरिकेत त्याला याच रोगातल्या फुप्फुसासाठी मान्यता मिळाली.

कुणाच्या घरी हा रोग असेल, किंवा कुणी या क्षेत्रात काम करत असेल, तर लिहा. तपासणी कुठे केली, काय अडलं, सगळं लिहा.

तूरओंबी:

ताई, फार दिवसांनी कुणीतरी नीट लिहिलं. पण ९३ आणि ५२ यात फरक ४१ मिलीचा. चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. एवढ्यासाठी महागाचं औषध घ्यायचं?

पळसवाडी:

@तूरओंबी, हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता. तिशीनंतर निरोगी माणसाचीही फुंकण्याची क्षमता वर्षाला साधारण २५-३० मिलीनं घटते. त्या मानानं ९३ म्हणजे तिप्पट वेग. तो ५२ वर आला, म्हणजे दर वर्षी जी जास्तीची गळती होते तिचा मोठा भाग थांबला. एका वर्षात माणसाला काही जाणवणार नाही, दहा वर्षांत जाणवेल. आणि ही सरासरी आहे. ज्याचं फुप्फुस वेगानं घसरतंय त्याला फायदा जास्त, ज्याचं स्थिर आहे त्याला कदाचित गरजच नाही. म्हणून एका तपासणीवर ठरवत नाहीत, दोन-तीन वेळच्या आकड्यांची तुलना करतात. त्या चाचणीतले जवळपास निम्मे लोक आधीपासून मायकोफेनोलेटवर होते, आणि दोन्ही घेणाऱ्यांची घसरण सगळ्यात कमी होती.

इरईकाठ:

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. मोठे दादा पंधरा-वीस वर्षं गिट्टी क्रशरवर होते. त्यांच्या हातांची कातडी गुळगुळीत, ताणलेली झालीय, मूठ वळत नाही. गावात कुष्ठरोग झाला म्हणून बोभाटा झाला. लग्नकार्यात त्यांचं ताट वेगळं वाढलं जायचं. नागपूरला गेल्यावर कळलं स्क्लेरोडर्मा. बायकांचा रोग पुरुषाला कसा झाला, असं घरच्यांनी विचारलं तर डॉक्टरांनी आधी क्रशरचंच विचारलं. धुळीचा खरंच संबंध आहे का?

सेवाग्रामरस्ता:

@इरईकाठ, मी एमडी मेडिसिन, ग्रामीण भागात नोकरी. संबंध आहे, आणि तो जुना आहे. १९१४ साली स्कॉटलंडमध्ये पाथरवटांत आणि १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत हा रोग जास्त दिसल्याची नोंद झाली. खडीच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती फुप्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तिथून दाह सुरू होतो. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या कितीतरी पट जास्त, त्यामुळे पुरुष रुग्ण समोर आला की आम्ही धंदा विचारतोच. आपल्याकडे क्रशर आहेत, दगडखाणी आहेत, चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी आहेत. कोळशाच्या थराशेजारचा दगड फोडतानाही सिलिका उडते. दादांना पुन्हा धुळीत जाऊ देऊ नका. सिलिकोसिस (सिलिकेच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग) आणि क्षयरोग, दोन्हींसाठी छातीची तपासणी करून घ्या. सिलिका असलेल्या फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो, आणि आता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही सुरू होतील.

कुष्ठरोगाबद्दल सांगायलाच हवं. आपल्या भागात आनंदवन आहे, कुष्ठरोगाचं काम पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलंय, त्यामुळे बोटं आखडली की डोक्यात पहिला तोच रोग येतो. ढोबळ फरक असा: कुष्ठरोगात चट्ट्यावरची किंवा हातापायाची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही. स्क्लेरोडर्मात संवेदना शाबूत असते, उलट बोटांच्या शेंड्यांना भयंकर दुखतं. कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो, आणि त्या रुग्णाचंही ताट वेगळं वाढायचं काही कारण नाही. स्क्लेरोडर्मा तर संसर्गजन्य नाहीच.

दुसरी गल्लत खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची. तोंड दोन बोटंही उघडत नाही म्हणून माणूस येतो, खर्रा खातो असं सांगतो, आणि तिथंच सगळे थांबतात. खर्ऱ्यानं होतो तो गालाच्या आतल्या अस्तराचा फायब्रोसिस. गाल आतून पांढरट आणि ताठ होतात, तिखट झोंबतं. स्क्लेरोडर्मात ओठांभोवतीची कातडी आवळून तोंडाची फट लहान होते, ओठ पातळ होतात, भोवती उभ्या सुरकुत्या पडतात. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, तेव्हा हात बघायला विसरू नये.

तिसरी गल्लत फार नुकसान करते. कोरडा खोकला, दम, एक्स-रेवर खाली दोन्ही बाजूंना जाळी. थुंकीत जंतू नाहीत, तरी क्षयाची औषधं सुरू. सहा महिने त्यात जातात, आणि ते सहा महिने या रोगात फार मोलाचे असतात.

पळसवाडी:

डॉक्टरसाहेब, खर्ऱ्यावरून एक जोडते, कारण मुलांना शिकवताना हे मी आवर्जून सांगते. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टला चेतवतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट शिवणारं लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर तांब्यावर चालतं. शिवले गेलेले धागे शरीराला सहजी तोडता येत नाहीत. स्क्लेरोडर्माचं कारण वेगळं, पण शेवटची ही शिवण दोन्हीकडे आहे.

पेशीजाल:

मी मूळचा आर्वी तालुक्यातला, सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत फायब्रोसिसवर काम करतो. धागा वाचून राहवलं नाही. लोक मला विचारतात, टीजीएफ-बीटा एवढा महत्त्वाचा, तर तो थेट बंद का करत नाही? केला होता. फ्रेसोलिमुमॅब नावाची अँटिबॉडी १५ रुग्णांना दिली, २०१५ साली निष्कर्ष आले. कातडीतल्या फायब्रोसिसच्या जनुकांचं काम झपाट्यानं कमी झालं, कातडीही मऊ पडली. कल्पना बरोबर असल्याचा हा मोठा पुरावा होता. पण काही जणांना रक्तस्राव झाला, अ‍ॅनिमिया झाला. टीजीएफ-बीटा जखमा भरतो, दाह आवरतो, गाठी वाढू देत नाही. तो अंगभर बंद ठेवला तर किंमत मोजावी लागते. म्हणून आता फक्त फुप्फुसात किंवा फक्त फायब्रोसिसच्या जागी तो जागा होऊ नये, अशा वाटा शोधल्या जातायत. त्याला मोकळं करणारे इंटिग्रिन नावाचे रेणू अडवणं ही त्यातली एक वाट.

दुसरी अडचण आम्हा प्रयोगशाळावाल्यांची आहे. ब्लिओमायसिन हे कर्करोगाचं औषध. त्यानं रुग्णांच्या फुप्फुसात फायब्रोसिस होतो हे दिसलं होतं. तेच उंदराला टोचून आम्ही रोग तयार करतो. पण उंदराचा फायब्रोसिस काही आठवड्यांत आपोआप ओसरायला लागतो, माणसाचा ओसरत नाही. शिवाय आम्ही औषध बहुधा रोग मुरायच्या आधीच देतो. उंदरात बरी झालेली औषधं माणसात का पडतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. म्हणून आता शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी फुप्फुसाचे पातळ काप आणि रुग्णाच्या कातडीचे नमुने काही दिवस जिवंत ठेवून त्यावर औषध तपासतात. एकेका पेशीतली जनुकं वाचण्याचं तंत्र आल्यापासून हेही कळलं की सगळे फायब्रोब्लास्ट सारखे नसतात. कोलॅजन ओतणारे गट थोडे असतात. नेम त्यांच्यावर धरायचा.

आणि कातडीच्या चाचण्या वारंवार का फसतात तेही सांगतो. कातडीचं मोजमाप म्हणजे रॉडनन स्कोअर. अंगावरच्या १७ जागी डॉक्टर चिमटीत कातडी धरून ० ते ३ गुण देतात, एकूण ५१. पहिली काही वर्षं कातडी घट्ट होत जाते आणि मग बऱ्याच रुग्णांत आपोआप सैल पडते. त्यामुळे साखरेच्या गोळीवालेही सुधारलेले दिसतात. २०२० साली लेनाबासम हे औषध मोठ्या चाचणीत असंच पडलं. तुलनेच्या गटातल्या लोकांचं आधीचं मायकोफेनोलेट वगैरे चालूच होतं, तेही चांगले सुधारले, फरक दिसणार कुठून? 'अमक्या तेलानं माझी कातडी मऊ झाली' असं कुणी सांगितलं तर त्याच्या अनुभवावर शंका घेऊ नका, पण त्यावर आपलं औषध ठरवू नका.

वऱ्हाडी_गोधडी:

तेलाचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या आत्याबाईंना एका गावातून पुड्या आणून देतात, सांध्यांना आणि कातडीला फरक पडतो म्हणतात. आठवड्यात सूज उतरली. चालू ठेवाव्या का?

सेवाग्रामरस्ता:

बंद करा, पण एकदम नको. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. कोमट तेलानं मालीश, बोटांचे व्यायाम, गरम मेणात हात बुडवणं, हे सगळं चांगलं आहे, रोज करा. बोटांवर उघडी जखम असेल तर मात्र मेण नको. पण ज्या पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नाही आणि आठवड्यात सूज उतरते, तिच्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी. अशा पुड्यांत ते सापडल्याच्या घटना आहेत. या रोगात स्टिरॉइडची मोठी मात्रा, दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन, मूत्रपिंडाच्या संकटाशी जोडलेली आहे. रक्तदाब अचानक भडकतो, डोकं दुखतं, अंधारी येते, लघवी कमी होते, काही दिवसांत मूत्रपिंड निकामी. कॅप्टोप्रिलसारखी एसीई इन्हिबिटर औषधं यायच्या आधी यातून फार थोडे वाचत. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राच्या नोंदींत वर्षभरानंतर हयात राहणाऱ्यांचं प्रमाण त्या औषधांशिवाय १५ टक्के होतं, त्यांच्यासह ७६ टक्के झालं. या रोगातल्या उपचारांचं सगळ्यात मोठं यश मी याला मानतो, आणि गोळी अगदी स्वस्त आहे. ज्यांची कातडी कोपराच्या वरपर्यंत, छाती-पोटापर्यंत घट्ट झालीय त्यांनी पहिली चार-पाच वर्षं घरी रक्तदाब मोजावा. गावातल्या आशाताईंना सांगून ठेवावं. नेहमीपेक्षा एकदम वाढला तर सकाळची वाट बघू नये.

तूरओंबी:

आणि आनुवंशिक आहे का हो हे? स्पष्ट विचारतो. घरात पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, समोरच्यांनी तिच्या आईचा आजार ऐकला आणि गप्प बसले.

सेवाग्रामरस्ता:

जवळच्या नातेवाइकांत धोका इतरांपेक्षा काही पटींनी वाढतो, पण मुळात रोग इतका विरळ की तो वाढूनही शंभरात एक-दोन असाच राहतो. आईपासून लेकीला सरळ जाणारा हा रोग नाही. समोरच्या मंडळींना हवं तर माझ्यासारख्या कुणा डॉक्टरशी बोलायला सांगा, मी आनंदानं बोलेन.

लग्नाचा विषय निघाला म्हणून: ज्या मुलींना स्वतःला हा रोग आहे त्यांनी मायकोफेनोलेट आणि निन्टेडॅनिब चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. गर्भाला अपाय होतो. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं आणि फुप्फुस-हृदय तपासून ठरवायचं.

मोहफूल_२२:

सेल थेरपीबद्दल काय? भाऊ म्हणाला जर्मनीत रोग बरा झाला.

पेशीजाल:

@मोहफूल_२२, तुमच्या भावानं ऐकलं ते एर्लांगेनचं काम. रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. याला कार-टी म्हणतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची पाळंमुळंच उपटली जातात. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव छापला. त्यात ल्युपसचे ८, स्नायुदाहाचे ३ आणि स्क्लेरोडर्माचे ४. सगळ्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता आली. स्क्लेरोडर्मावाल्यांची रोगाची तीव्रता उतरली. मला व्यक्तिशः यातून मोठी आशा वाटते. प्रतिकारशक्तीचा रेटा पूर्ण थांबला तर जुना फायब्रोसिस कितपत मागे हटतो, हे पहिल्यांदाच स्वच्छ बघायला मिळेल. पण चार म्हणजे चारच रुग्ण. त्याला 'बरा झाला' म्हणू नका. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी, या रोगासाठी नव्हे.

त्याआधीचा धडा मूळपेशी प्रत्यारोपणाचा आहे. २०१४ साली युरोपातल्या १५६ रुग्णांचे निष्कर्ष आले. प्रत्यारोपण केलेल्यांत पहिल्या वर्षी मृत्यू जास्त झाले, उपचारानंच दहा टक्के गेले, पण पुढच्या वर्षांत तेच लोक जास्त जगले आणि त्यांची कातडी स्पष्ट मऊ पडली. फायब्रोसिस काही प्रमाणात मागे फिरू शकतो, याचा माणसातला पुरावा म्हणून मी याच्याकडे बघतो. मात्र हृदय किंवा फुप्फुस आधीच खूप गेलेल्या रुग्णाला तो उपचार झेपत नाही.

बी-पेशींवरचंच पण आवाक्यातलं औषध रिटुक्सिमॅब. कोलकात्यात ६० रुग्णांवर सायक्लोफॉस्फामाइडशी तुलना झाली, २०१८ साली छापून आली. सहा महिन्यांत रिटुक्सिमॅबवाल्यांचं फुप्फुस सुधारलं, दुसऱ्या गटाचं जवळपास तसंच राहिलं. आपल्या देशातल्या, आपल्यासारख्या रुग्णांवरची चाचणी म्हणून मला तिचं मोल वाटतं. आणि २०२५ मध्ये नेरॅन्डोमिलास्ट या गोळीचे निष्कर्ष आले. ती पीडीई-४बी नावाचं विकर अडवते. वाढत जाणाऱ्या फुप्फुस फायब्रोसिसमध्ये, ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा) रोगातूनही आलेल्या, तिनं घसरण मंदावली.

इरईकाठ:

औषधाच्या चाचणीत दादांचं नाव घालता येईल का? की गरिबावर प्रयोग करतात म्हणतात ते खरं?

पेशीजाल:

भीती समजते, आणि ती उगाच नाही. म्हणून नियम माहीत हवेत. २००९ पासून देशातली प्रत्येक औषध-चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवणं बंधनकारक आहे. ही यादी कुणालाही फुकट बघता येते. रोगाचं नाव टाकून शोधा, कुठल्या शहरात, कोण डॉक्टर, सगळं दिसतं. संमतीपत्र तुमच्या भाषेत मिळायला हवं, त्याची एक प्रत घरी आणायला मिळते, कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं कायद्यानं लागतं. आणि चाचणीत घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर तिथून सरळ उठून या.

पळसवाडी:

निन्टेडॅनिब घेणाऱ्यांसाठी घरचा अनुभव लिहिते. डॉक्टरांनी मायकोफेनोलेटच्या जोडीला ते सुरू केलं ते ऐन उन्हाळ्यात. चाचणीत चौघांतल्या तिघांना जुलाब झाले होते, जाऊबाईंनाही झाले. पारा ४५ वर, शेतात आडोसा नाही, आणि बाई जुलाब लागू नयेत म्हणून पाणीच पीत नाही. हे फार धोक्याचं आहे, मूत्रपिंडाला तर फारच. गोळी जेवणासोबत घ्यायची, ओआरएस घरात ठेवायचं, जुलाबाची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायची. थांबलं नाही तर मात्रा कमी करता येते, डॉक्टर चिडत नाहीत. न सांगता गोळी सोडून देऊ नका.

पऱ्हाटी_दारव्हा:

ताई, माह्या मायची बोटं हिवाळ्यात निळी पडतात, दोन सालापासून. आता तोंडाची कातडी ताणल्यावाणी दिसते. गिळताना घास अटकते. इथच्या डॉक्टरनं रक्त कमी हाय म्हणून गोया देल्ल्या. दम नाही लागत तिले. तरी दाखवा लागन का? कुठी जावं? पैशाचंबी पाहा लागते.

सेवाग्रामरस्ता:

@पऱ्हाटी_दारव्हा, दाखवा, आणि या महिन्यातच. यवतमाळचं मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळचं. तिथून सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल, एम्स, जिथे पाठवतील तिथे. मेडिसिनच्या ओपीडीत 'रेनॉड आहे, कातडी घट्ट होतेय' असं याच शब्दांत सांगा, नुसती 'कमजोरी' सांगू नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. घास अडकतो तर जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, रात्रीचं जेवण लवकर, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर मायपासून दूर. तिचा स्वतःचा तंबाखू असेल तर तोही बंद, बोटांच्या रक्तवाहिन्या त्यानं आणखी आवळतात.

पळसवाडी:

@पऱ्हाटी_दारव्हा, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय त्यात थोडी भर. एएनए ही (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी) रक्ततपासणी, छातीचं एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारं सीटी स्कॅन), फुंकायची तपासणी आणि हृदयाची टूडी एको (सोनोग्राफी), या चार गोष्टी झाल्याशिवाय 'फुप्फुस ठीक आहे' यावर विश्वास ठेवू नका. नुसत्या एक्स-रेवर सुरुवातीचा फायब्रोसिस दिसत नाही. फुंकायच्या तपासणीत एक अडचण येईल: तोंड लहान झालेलं असलं की नळीभोवती ओठ नीट मिटत नाहीत, बाजूनं हवा सुटते आणि आकडा चुकीचा येतो. जाऊबाईंच्या वेळी टेक्निशियनला सांगितल्यावर त्यानं लहान नळी लावली. बोटाला लावायचं ऑक्सिजन यंत्रही थंड बोटावर खोटा आकडा दाखवतं. हात शेकून, चोळून मग लावायला सांगा, किंवा कानाच्या पाळीला लावायचं मिळालं तर उत्तम.

दम लागत नाही म्हणता ते चांगलंच आहे, पण शेतात काम कमी केलं असेल तर दम कळतच नाही. मायला विचारा, मागच्या वर्षी जेवढी पाण्याची गुंडी एका दमात आणायची तेवढी आज आणते का. आणि एचआरसीटीची फिल्मच घेऊन परत येऊ नका, सीडीही मागून घ्या. सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तुलना करायची वेळ येते तेव्हा डॉक्टर तीच मागतात.